फिरत्या घरांतील बैठक

प्रवासास निघणाऱ्यानें पाण्याची सोय पाहावी, शिध्याची पाहावी, मुक्कामाची पाहावी, अशी शिकवण आपल्याकडे घरोघर दिली जाते. परंतु बसण्याची सोय पाहावी असें मात्र कोणी सांगत नाहीं. बसावयाचें काय, कोठेंही बसतां येतें, अशी आपली समजूत आहे. ही समजूत तरुणपणीं खरी असते. साठीनंतर ती हळूहळू खोटी ठरूं लागते, आणि पंचाहत्तरीस पोंचलेल्या वडील माणसांच्या बाबतींत तर ती केवळ निर्दयपणाची ठरते. गेल्या वर्षीं आमच्या घरांत एका बाकावरून जो खल झाला, त्यामुळें हा विषय आमच्यापुढें फार स्पष्टपणें उभा राहिला. ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत आणि ज्यांस त्यांना बरोबर घेऊन हिंडावयाचें आहे, अशा वाचकांस त्याचा उपयोग होईल म्हणून तो येथें थोडा विस्तारानें देत आहों.

इ. स. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचें घर. निजावयास बिछाना, स्वयंपाकास ओटा, पाण्याची टांकी, शौचाची सोय आणि चार माणसांनीं समोरासमोर बसून जेवावें अशी मेजासह बैठक, इतकें सगळें एका गाडींत सामावलेलें असतें. पाश्चात्त्य देशांत असलें घर मोटारीच्या मागें जोडून ओढीत नेतात. आपल्याकडे तें बहुधा लहान बसच्या सांगाड्यावरच बांधतात. आमच्या पुतण्यानें अशी एक वापरलेली गाडी विकत घेतली. त्यांत हौसेचा भाग नव्हता असें नाहीं. पण खरें कारण आमच्या वहिनी.

वहिनी बाहेरचें अन्न घेत नाहींत. आमचे वडील बंधू हयात असतांना तीं दोघें दरसाल नृसिंहवाडीस जात. सापगांवाहून निघतांना दशम्यांचा डबा भरावयाचा, वाटेंत तेवढ्यावर राहावयाचें आणि वाडीस पोंचल्यावर स्वतःच्या हातानें चूल पेटवावयाची, असा परिपाठ. बंधू गेले, पाठोपाठ वहिनींच्या गुडघ्यांत संधिवात शिरला, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर उभें राहावयाचें ही त्यांची एवढीशी इच्छा अकरा वर्षें तशीच राहिली. चाकांवरच्या घरांत स्वतःची चूल, स्वतःचें पाणी आणि मोरी बरोबर येते म्हटल्यावर त्यांच्या सगळ्या अडचणी एकदम सुटल्या असें पुतण्यास वाटलें, आणि तें सकृद्दर्शनीं कोणासही वाटलें असतें.

गाडी दारांत येतांच वहिनींनीं तिच्यावर हळदकुंकू वाहिलें, ओट्याची उंची पाहून समाधान व्यक्त केलें, मोरीचें दार दोनदां उघडून लावून पाहिलें आणि मग मागच्या भागांतील बैठकीवर जाऊन बसल्या. तेथें त्या पांच मिनिटें बसल्या असतील. उतरल्यावर आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, गाडी फार छान आहे. तुम्ही सगळे जाऊन या. मी आपली घरीं राहीन."

ज्या बाईनें आयुष्यांत कधीं स्वतःच्या गैरसोयीचा उच्चार केला नाहीं, तिच्या तोंडच्या अशा वाक्याचा अर्थ लावावा लागतो. आम्ही फूटपट्टी घेऊन आंत गेलों.

त्या गाडींत दोन्ही अंगांस दोन बाकें भिंतींत जखडून बांधलेलीं होतीं आणि त्यांच्या मध्यें एका खांबावर मेज. रात्रीं मेज खालीं उतरवून त्यावर गाद्या पसरल्या कीं दोघांच्या निजण्याची सोय होई. बांधणाऱ्याचें कौशल्य वाखाणण्यासारखें होतें. इंचभर जागा त्यानें फुकट जाऊं दिली नव्हती. परंतु बाकाची उंची भरली एकवीस इंच, कारण खालीं पाण्याची टांकी आणि सामानाच्या पेट्या बसवावयाच्या होत्या. वहिनींचे पाय जमिनीपासून चांगले चार-पांच इंच वर लोंबत राहत. लोंबत्या पायांनीं बसलें कीं मांडीच्या खालच्या बाजूस बाकाची कड रुतते, रक्त उतरतें आणि तासाभरांत पाय सुजतात. पाठ अगदीं काटकोनांत उभी, कारण ती म्हणजे गाडीची भिंतच. बैठकीची खोली सोळा इंच. तेवढ्यांत मांडी घालून बसणें अशक्य. आपल्याकडील माणसाला बाकावर बसल्यावर पांच मिनिटांनीं पाय वर घ्यावेसे वाटतात, ही गोष्ट हीं बाकें आंखणाऱ्यांच्या ध्यानीं कधीं येत नाहीं. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी कीं, बाक म्हणजे चहूंकडून बंद पेटी असल्यामुळें उठतांना टांचा मागें घेतां येत नव्हत्या. उठण्याची क्रिया वाचकांनीं स्वतःवर करून पाहावी. आपण प्रथम पाऊल गुडघ्याच्या मागें घेतों, अंग पुढें झुकवतों आणि मग उठतों. टांचेस मागें सरकावयास जागा नसली, हाताखालीं आधार नसला, आणि गुडघ्यांत बळ नसलें, तर मनुष्य बसल्या जागीं कैदी होतो. वहिनी त्या बाकावरून उठल्या त्या सूनबाईंच्या दोन्ही खांद्यांवर भार टाकून, आणि तेंच त्यांना सहन झालें नव्हतें.

बसणें ही क्षुल्लक बाब आहे असें आपल्या पूर्वजांना मात्र वाटत नव्हतें. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांत व्रात्याचें वर्णन आहे. हा भटका पुरुष वर्षभर उभाच राहिला, तेव्हां देवांनीं त्यास विचारलें कीं, बाबा रे, तूं उभा कां? त्यानें उत्तरादाखल आसंदी आणून द्या म्हणून सांगितलें. आसंदी म्हणजे खुर्ची. (खुर्ची हा शब्द अरबींतून फारसीच्या मार्गानें आपल्याकडे आला, वस्तु मात्र त्याच्या पुष्कळ आधींची.) देवांनीं जी आसंदी दिली तिचे दोन पाय ग्रीष्म आणि वसंत, दोन शरद आणि वर्षा, अंथरूण वेदाचें आणि उशी ब्रह्माची, असें तें भव्य रूपक आहे. रूपकाचा अर्थ पंडितांनीं लावावा. आम्हांस त्यांतील एवढेंच फार आवडतें कीं, सदा हिंडणाऱ्या मनुष्यानें देवांकडे मागून मागितलें काय, तर नीट बसावयास आसन. पतंजलींनीं योगसूत्रांत आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य आणि सुख या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या आहेत. त्यांच्या मनांत मोटार नव्हती हें उघड आहे. पण धांवत्या गाडींतील बैठकीची सगळी अडचण या दोहोंच्या जोडींत आहे. जखडलेलें बाक स्थिर असतें, सुखाचें नसतें. मोकळी खुर्ची सुखाची असते, स्थिर नसते.

गंमत अशी कीं, वाहनांत बांधीव बाक ही वस्तु आपल्या देशांत मागाहून आली. आमच्या लहानपणीं पौष पौर्णिमेस म्हशाच्या यात्रेला आम्ही घरचीं सगळीं माणसें बैलगाडीनें जात असूं. गाडींत बाक कसलें? तळाशीं गुडघाभर पेंढा, त्यावर घोंगडी, वर जुनी गोधडी. प्रत्येकानें आपापल्या अंगाच्या मापानें त्यांत खळगा करावयाचा. लोखंडी धावेच्या चाकांचे धक्के पेंढा गिळीत असे. आजी पाय पसरून बसे, आम्हीं मुलें आडवीं पडत असूं, आणि एखादा पाहुणा वाटेंत चढला तर सगळ्यांनीं थोडथोडे पाय आंखडले कीं त्याची सोय होई. 

बाक आलें तें आगगाडीबरोबर. आमच्या बाजूस लोहमार्ग वासिंदपर्यंत १८५५ सालीं आणि आसनगांवपर्यंत १८६० सालीं पोंचला. पण गोरगरिबांस बाकही लगेच मिळालें नाहीं. जी. आय. पी. रेल्वेनें १८७४ सालीं जो चौथा वर्ग काढला त्यांत बसण्यास आसनेंच नव्हतीं. तीं १८८५ सालीं घातलीं आणि त्या वर्गास तिसरा म्हणूं लागले. गांधीजींनीं १९१७ सालीं मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानें प्रवास करून जो वृत्तांत लिहिला, त्यांत बावीस माणसांच्या डब्यांत पस्तीसांहून अधिक माणसें कोंबलीं होतीं असें नमूद आहे. तिसरा वर्ग नांवानें १९७४ सालीं नाहींसा झाला. पण लांकडी फळी राहिलीच. आम्हीं स्वतः त्या फळ्यांवर पुष्कळ रात्री काढल्या आहेत. त्या फळीवर दोन इंच फोमची गादी चढली ती मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यानंतर. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविहीन गाडी डिसेंबर १९७७ मध्यें त्यांच्याच कारकीर्दींत सुरू झाली. राजापूरचा हा खासदार. त्यानें संसदेंत केलेलीं भाषणें आज किती जणांच्या स्मरणांत असतील तें सांगवत नाहीं, पण दोन इंचांची गादी मात्र साऱ्या देशाच्या पाठीनें लक्षांत ठेवली आहे. आमच्या मतें एवढ्या जाडीच्या गादीनें एवढें पुण्य क्वचितच कोणास मिळालें असेल. एस. टी. ची कथा याहून थोडी बरी. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) यांच्या दरम्यान पहिली गाडी धांवली तेव्हां तिचा सांगाडा लांकडी होता, पण बैठकींत निदान काथ्या भरलेला होता.

असो. आमच्या बाकाकडे वळूं.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर सभा भरली. पुतण्याचें मत असें कीं, दोन्ही बाकें उखडून टाकावीं आणि परदेशांतील चित्रांत दिसतात तशा मागें रेलणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या दोन गुबगुबीत खुर्च्या बसवाव्या. सूनबाईंनीं विचारलें, बाकाखालच्या पेट्यांतील सामान मग कोठें ठेवावयाचें? मुलांनीं तर एकच ओरडा केला. तें मेज, त्याच्या दोन्ही बाजूंचीं बाकें, त्यावर रात्रीं होणारा तो मोठा बिछाना, हीच त्यांच्या दृष्टीनें सगळी गाडी होती. पत्ते कोठें खेळावयाचे? चौघें भावंडें एका ओळींत कोठें निजावयाचीं?

मुलांच्या ओरड्यांत आम्हांस एक खरा मुद्दा दिसला, आणि तो आम्हीं सभेपुढें मांडला. बाकावर "सरका थोडे" म्हणतां येतें. खुर्चीवर बसलेल्यास तें म्हणतां येत नाहीं. कसाऱ्याहून मुंबईस जाणाऱ्या लोकलमध्यें तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याच्या वाट्यास वीतभर कड येते, एक पाय वाटेंत असतो, तरी तो बसतो आणि त्यास बसूं देतात. त्यास सगळे 'चौथी सीट' म्हणून ओळखतात आणि ती मागण्यांत कोणास संकोच वाटत नाहीं. आसनगांवाहून नित्य जाणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं नोकरीचीं सगळीं वर्षें या चौथ्या सीटवर काढलीं आहेत. बाकाचा हा गुण एकत्र कुटुंबास फार उपयोगाचा. बाक कोणास सुख देत नाहीं, पण कोणास नाहींही म्हणत नाहीं. खुर्ची एकास पुरें सुख देते आणि दुसऱ्यास उभें ठेवते. ज्या घरांत पंगतीला अकरा पानें मांडलीं जातात त्या घरच्या गाडींत दोनच खुर्च्या ठेवल्या, तर त्यांवर कोणी बसावयाचें याचा निवाडा रोज करावा लागेल, आणि तो निवाडा वहिनींच्या बाजूनें झाला तरी त्या मुलांकडे पाहून उठतील. त्यांचा स्वभाव आम्हांस ठाऊक आहे. मग खुर्ची आणून उपयोग काय?

यावर पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे बाकें ठेवावयाचीं आणि आईला घरीं ठेवावयाचें?"

त्याचा प्रश्न बिनतोड होता. ओटीवर क्षणभर कोणीच बोलेना. वहिनी आंत वाती वळीत होत्या. त्यांना सगळें ऐकूं येत होतें. शेवटीं तोड काढली ती सूनबाईंनीं. त्या म्हणाल्या, डाव्या बाकाखालीं टांकी आहे, विजेचा साठा करणारी बॅटरी आहे. त्यास हात लावूं नये, तें मुलांचें. उजव्या बाकाखालीं नुसती सामानाची पेटी आणि वायरी आहेत. तेवढें काढावें आणि तेथें दोन खुर्च्या ठेवाव्या. मेज मध्यें आहेच. बाकावरचीं चौघें आणि खुर्चीवरचीं दोघें एकाच मेजाशीं बसतील. निजण्याचा मोठा बिछाना तेवढा जाईल. मुलांपैकीं एक बाकावर निजेल, बाकीचे मुक्कामावर धर्मशाळेंत. मुलांनीं थोडी कुरकुर केली, पण आजीचें नांव निघाल्यावर ती थांबली.

दुसऱ्या दिवशीं शहापुराहून सुतार आणि वायरींचा मिस्त्री असे दोघे आणविले. अशा कामांत सुतारानें एकट्यानें हात घालूं नये, हें आम्हीं आवर्जून सांगतों. बांधीव बाक वरून फळी दिसतें, पण त्याचे बोल्ट गाडीचा तळ भेदून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत गेलेले असतात. खालून एकानें धरल्याशिवाय ते सुटत नाहींत. फळ्या निघाल्यावर आंतून वायरींचा जुडगा, मोरीच्या पाण्याची एक नळी आणि मागच्या चाकाच्या कमानीचा वर आलेला कोपरा एवढें उघडें पडलें. वायरी आणि नळी भिंतीशीं घेऊन त्यांवर झांकण बसविलें. कमानीच्या कोपऱ्यावर एक आखूड फळी ठोकली, तिच्यावर वहिनींची पोथी आणि पाण्याचा तांब्या राहूं लागला. तळाचीं भोकें प्रथम रबर आणि मग लांबी घालून बुजविलीं, नाहींतर आमच्या बाजूच्या पावसाळ्यांत त्यांतून पाणी वर आलें असतें.

खुर्च्या निवडतांना मात्र आम्हीं घाई केली नाहीं. बाजारांत ज्या खुर्चींत बसतांच मनुष्य 'वा!' म्हणतो ती बहुधा टाकाऊ असते; ती इतकी मऊ आणि खोल असते कीं वृद्ध मनुष्य तिच्यांत बुडतो आणि बाहेर येत नाहीं. आम्हीं वहिनींना पाटावर पाय टेकवून बसविलें आणि तळपायापासून गुडघ्याच्या मागील खांचेपर्यंत माप घेतलें. तें भरलें सोळा इंच. खुर्चीची बैठक, माणूस बसल्यावर गादी दबून, तेवढ्याच उंचीची राहिली पाहिजे. म्हणून कोरी खुर्ची सतरा इंचांची घेतली. बैठकीची पुढची कड आणि पोटरी यांच्यामध्यें दोन-तीन बोटें जागा सुटली पाहिजे. पाठ थोडी मागें कललेली हवी. हात भक्कम आणि बैठकीच्या कडेपर्यंत पुढें आलेले हवेत, कारण उठतांना सगळा भार त्यांवरच येतो. ज्या खुर्च्यांचे हात नुसते शोभेचे असतात त्या वृद्धांस फसवितात. पुढचे पाय सोडून खालीं मोकळी जागा हवी, म्हणजे टांचा मागें जातात. रुंदी आम्हीं मुद्दाम बावीस इंच घेतली. वहिनींना गुडघे बरे असतील त्या दिवशीं एक पाय वर घेतां यावा म्हणून. गादीसाठीं फोम घेतांना जाडी न विचारतां घनता विचारावी. चाळीस घनतेचा, म्हणजे घनमीटरला चाळीस किलो वजनाचा, तीन इंच फोम हा हलक्या फोमच्या पांच इंचांपेक्षां अधिक दिवस टिकतो. हलका फोम सहा महिन्यांत पापडासारखा होतो, आणि त्या जुन्या बाकांवर तेंच झालें होतें.

आतां स्थैर्याची बाब. पुतण्याची कल्पना अशी होती कीं, चालत्या गाडींतही आईनें याच खुर्चीवर बसावें. यास आमचा ठाम विरोध होता, आणि तो नुसत्या बोलण्यानें पटेना, तेव्हां आम्हीं एक प्रयोग सुचविला. खुर्चीवर तांदुळांचें पोतें ठेविलें; मुरबाडच्या बाजूस रस्ता सरळ आणि निर्मनुष्य पाहून गाडी बेताच्याच वेगानें चालविली; आणि पुतण्यानें एकदम ब्रेक दाबला. खुर्ची पोत्यासकट पुढें धांवत जाऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर आदळली आणि ओट्याच्या दाराची फळी चिरली. गाडी थांबते, गाडींतील मोकळी वस्तु थांबत नाहीं. वेग दुप्पट झाला तर तिच्या आदळण्याचें सामर्थ्य चौपट होतें. शाळेंत हें सूत्र पाठ करून पुतण्यानें पैकीच्या पैकी गुण मिळविले होते. फुटलेली फळी त्यानें स्वतः दुरुस्त केली आणि पुन्हा तो विषय काढला नाहीं.

तेव्हां ठरलें तें असें. गाडी चालत असतांना सर्वांनीं पुढच्या, कारखान्यांतून आलेल्या, पट्ट्याच्या आसनांवरच बसावयाचें. मागील बाकावर किंवा खुर्चीवर कोणीही नाहीं, मुलेंही नाहींत. पुढें माणसें मावतील तेवढींच या गाडीनें येतील, बाकीचीं एस. टी. नें. खुर्च्यांच्या पायांस तळांत बसविलेल्या कड्यांत पट्टे अडकवून त्या रिकाम्याच आवळून टाकावयाच्या आणि मुक्कामावर सोडावयाच्या. वहिनींच्या पुढच्या आसनाखालीं त्यांचे पाय टेकतील असा एक लांकडी पाट, खालीं रबर लावून, स्क्रूनें पक्का केला. दर दीड-दोन तासांनीं गाडी थांबवून त्यांना चार पावलें चालवावयाचें. कायद्याचेंही एक सांगून ठेवतों. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत परस्पर करतां येत नाहीं. आमच्या गाडीच्या नोंदणींत पुढचींच आसनें धरलेलीं होतीं आणि त्यांस आम्हीं हात लावला नाहीं. तरीही पुतण्यानें फळी निघण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन विचारून घेतलें. ज्यांच्या गाडींत मागचीं बाकें प्रवासी आसनें म्हणून नोंदलेलीं असतील, त्यांनीं तर विचारल्याशिवाय एक खिळाही काढूं नये.

पहिली फेरी त्र्यंबकेश्वरापर्यंत केली. कसाऱ्याच्या घाटांत वळणावळणावर आमचें लक्ष समोरच्या दरीपेक्षां मागच्या खुर्च्यांकडे अधिक होतें. त्या हलल्या नाहींत. पाटावर पाय टेकलेले असल्यामुळें वहिनींनींही सगळा घाट न कण्हतां काढला. फक्त इगतपुरीस उतरून त्या दहा मिनिटें चालल्या.

नृसिंहवाडीस आम्ही माघांत गेलों. दत्तजयंतीची गर्दी त्यांना झेपली नसती. पहाटे संगमावर जाऊन त्या पायऱ्यांवर सूनबाईंचा हात धरून उभ्या राहिल्या. किती वेळ तें आम्हीं मोजलें नाहीं. परत आल्यावर त्यांनीं स्वतः खिचडी टाकली, आणि ती शिजेपर्यंत खुर्चीवर बसून भाजी निवडली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या दोनदां उठल्या, दोनदां बसल्या, आणि कोणी हात पुढें केला नाहीं. दुपारीं शेजारच्या गाडींतील एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांच्या कुटुंबातील मंडळी सहज गाडी पाहावयास आलीं. वहिनींनीं दुसरी खुर्ची त्यांच्या आईंना दिली. उरलेलीं माणसें दारांत उभीं राहिलेलीं पाहून आमच्या धाकट्या नातवानें बाकावरच्या भावंडांस ढोंसलें आणि "सरका रे" म्हणून तिघांची जागा केली. चहाचे कप त्या एका मेजावर कसेबसे मावले.

काढलेल्या बाकाच्या फळ्या चांगल्या सागाच्या निघाल्या. सुतारानें त्यांचे चार पाट करून दिले. डाव्या अंगाचें बाक अद्याप तसेंच आहे. तेंही काढून तेथें लहानशी कपाटाची सोय करावी असें पुतण्याच्या मनांत अधूनमधून येतें, पण वहिनी त्यास हात लावूं देत नाहींत. त्याच्या पेटींत आतां गोडेतेलाचा डबा, ते चार पाट आणि त्यांचें सोवळ्याचें लुगडें असतें. आणि श्रावणापूर्वीं गाणगापुरास जावयाचें असल्याची बातमी मुलांना आमच्याआधीं लागली आहे.